तारखेवरून वार : संगणकी तक्त्याच्या साक्षीचें परीक्षण

भडगांवच्या एका संग्राहक गृहस्थांनीं आपल्या घरच्या रुमालांची व गिरणाकांठच्या गांवांतून मिळविलेल्या फुटकळ कागदांची एक यादी आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविली आहे. यादी मोठ्या मेहनतीची आहे. कागदाची लांबीरुंदी, मोडीचें वळण, शिक्कामोर्तब, कोठें वाळवी लागली आहे व कोठें जोड उकलला आहे, हें सर्व त्यांनीं रकान्यारकान्यांनीं नोंदविलें आहे. आणि अशी नोंद ठेवणारे संग्राहक आपल्या प्रांतांत फार थोडे आहेत, हें प्रथम सांगणें न्याय्य होय. आमची तक्रार शेवटच्या दोन रकान्यांपुरतीच आहे. यादी संगणकावरील एक्सेल व कॅल्क या तक्त्यांत मांडलेली असून, इंग्रजी तारखेपुढें एक सूत्र घालून त्या तारखेचा वार आपोआप उमटविला आहे. हा सूत्राचा वार कागदांतील वाराशीं जेथें जुळला नाहीं तेथें शेऱ्याच्या रकान्यांत ‘वार चुकीचा, कागद शंकास्पद’ असें लिहिलें आहे. असे शेरे थोडेथोडके नाहींत. सोबतच्या पत्रांत सदर गृहस्थ विचारतात कीं, हे कागद मूळ रुमालांतून काढून वेगळे बांधावे काय, व छापण्यास द्यावयाच्या निवडींतून ते गाळावे काय.

आमचें स्पष्ट मत असें कीं, या शेऱ्यांवरून एकही कागद जागचा हलवूं नये. रुमालांतून काढलेला कागद आपले शेजारी गमावतो, आणि शेजारी गमावलेल्या कागदाची अर्धी साक्ष तेथेंच नष्ट होते. शिवाय ‘शंकास्पद’ हा शब्द एकदां यादींत चढला म्हणजे तो पुसण्यास पुढें कोणी उरत नाहीं. यादी नकलली जाते, शेराही नकलला जातो, कारण मात्र नकललें जात नाहीं.

वाराची साक्ष हलकी आहे असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. उलट कागदावरील कालनिर्देशाच्या सर्व अंगांत वार हें सर्वांत कणखर अंग होय. तिथीचा क्षय होतो, वृद्धि होते. महिना अधिक येतो. वर्ष शकाचें, सुहूरचें, फसलीचें, संवताचें, कशाचेंही असूं शकतें, आणि गत कीं वर्तमान हा वाद वेगळाच. वार मात्र सातांच्या फेऱ्यांत न चुकतां फिरत आला आहे. रोमच्या पोपनें १५८२ सालीं पंचांग सुधारलें तेव्हां ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरिली. पण ४ तारखेस गुरुवार होता व १५ तारखेस शुक्रवारच आला. इंग्रजांनीं हीच सुधारणा १७५२ सालीं स्वीकारली. २ सप्टेंबर बुधवार, आणि दुसरे दिवशीं १४ सप्टेंबर गुरुवार. तारखा उडाल्या, वार उडाला नाहीं. म्हणूनच कांहीं काल धुळ्यास शिक्षक असलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं सूएल यांच्यासह १८९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत काय, किंवा स्वामिकण्णु पिल्ले यांच्या विस्तृत पंचांगग्रंथांत काय, वारालाच अखेरचा पंच नेमलें आहे. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें इनामांची चौकशी सुरू झाल्यावर खोट्या सनदा पारखण्याची जी गरज पडली, तींतही तिथि-वारांचा मेळ हें एक हाताशीं असलेलें साधन होतें. तेव्हां संग्राहक महाशयांनीं वाराकडे लक्ष दिलें हें योग्यच झालें. प्रश्न इतकाच कीं, त्यांनीं ज्या साक्षीदाराची उलटतपासणी कागदाकडून करावयास पाहिजे होती, त्यालाच न्यायासनावर बसविलें.

आतां हा साक्षीदार कोण व तो काय जाणतो, हें थोडक्यांत पाहूं. तक्त्याला तारीख तारीख म्हणून ठाऊक नसते. रकान्यांत आपण दिवस, महिना, वर्ष लिहितों. तो आंत एक आंकडा ठेवितो. एक्सेलमध्यें १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक एक. तेथपासून प्रत्येक दिवसास एकेक आंकडा. या आंकड्यास सातांनीं भागून जी बाकी उरते तोच वार. ‘वीकडे’ नांवाचें सूत्र ती बाकी आंकड्यानें सांगतें, रविवारास एक धरून. ‘टेक्स्ट’ नांवाचें सूत्र ‘डी’ हें अक्षर चार वेळां लिहिल्यास वाराचें पूर्ण नांव व तीन वेळां लिहिल्यास आखूड नांव देतें. त्यापूर्वीं चौकटी कंसांत डॉलरचें चिन्ह, आडवी रेघ व मराठीचा संकेतांक ४४ई घातला म्हणजे तेंच नांव देवनागरींत ‘सोमवार, मंगळवार’ असें उमटतें. अलीकडील कागदांस ही सोय उत्तम आहे. राजवाडे धुळ्यास ३१ डिसेंबर १९२६ रोजीं वारले. ही तारीख घातली कीं शुक्रवार येतो, आणि तो बरोबर आहे. पालिकेचे दाखले, कोर्टाचे निकाल, विसाव्या शतकांतील पत्रव्यवहार, यांच्या यादीस याहून सोपें साधन नाहीं.

मागें सरकूं लागलें म्हणजे पाय घसरतो. एक्सेलमध्यें १९०० पूर्वींच्या दिवसांस क्रमांकच नाहीं. तेथें ‘१९/०२/१६३०’ असें लिहिलें तर तक्ता तें तारीख म्हणून न घेतां केवळ अक्षरें म्हणून ठेवितो. ‘टेक्स्ट’ सूत्र तींच अक्षरें जशींच्या तशीं परत करतें, व ‘वीकडे’ सूत्र चूक दाखवून थांबतें. हें थांबणें प्रामाणिकपणाचें आहे. पण प्रारंभालाच एक जुना दोष आहे तो ऐकण्यासारखा आहे. १९०० हें वर्ष नव्या पंचांगाप्रमाणें प्लुत नाहीं. त्यांत २९ फेब्रुवारी नव्हती. लोटस नांवाच्या आधींच्या तक्त्यानें ती धरिली होती, आणि त्या तक्त्याशीं मेळ राहावा म्हणून एक्सेलनेंही ती जाणूनबुजून कायम ठेविली. परिणाम असा कीं, १ जानेवारी १९०० रोजीं वस्तुतः सोमवार असतां एक्सेल रविवार सांगतो, आणि १ मार्चपासून पुढें तो वळणावर येतो. दोन महिन्यांची ही चूक आपल्या कामीं फारशी आड येत नाहीं. परंतु ‘यंत्र चुकत नाहीं’ असें म्हणणाऱ्यास ती दाखवावी.

याहून मोठा धोका ज्या आंकड्यांवर तक्ता थांबत नाहीं त्यांचा आहे. आपल्या खानदेशांत मारवाडी व गुजराती पेढ्यांच्या वह्या घरोघर सांपडतात; त्यांतील वर्ष विक्रम संवताचें. १८९९-१९०० चा जो दुष्काळ ‘छपन्नचा काळ’ म्हणून अद्याप लोकांच्या तोंडीं आहे, तो संवत् १९५६ चा. त्या सालच्या वहींतील मिति कोणीं १९५६ हें वर्ष घालून तक्त्यांत लिहिली, तर तक्ता तें इसवी सन समजतो आणि कांहीं एक तक्रार न करितां वार सांगून मोकळा होतो. शकाच्या १९०० नंतरच्या वर्षांचीही तीच गत. तसेंच दिवस आधीं कीं महिना आधीं हा वाद: ०६/०४ म्हणजे सहा एप्रिल कीं चार जून, हें ज्याच्या त्याच्या संगणकाच्या मांडणीवर अवलंबून असतें, व एकच यादी दोन घरीं दोन वार दाखविते. प्रस्तुत यादींत वह्यांच्या मित्या थोड्याच आहेत म्हणून हा घोटाळा थोडा झाला आहे. तरी झाला आहे.

१९०० पूर्वींच्या कागदांकरितां संग्राहकांनीं कॅल्क तक्ता घेतला. त्याची मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून असली तरी तो उलट दिशेनेंही मोजतो, व कितीही जुन्या तारखेस वार देतो. येथेंच खरी फसगत झाली आहे. पडताळा म्हणून त्यांनीं यादीच्या आरंभीं सर्वमान्य अशा चार तारखा घातल्या: शिवाजी महाराजांचा जन्म, १९ फेब्रुवारी १६३०, राज्याभिषेक, ६ जून १६७४, बाजीरावसाहेबांचा नर्मदातीरीं रावेरखेडी येथें मृत्यु, २८ एप्रिल १७४०, आणि पानपतची लढाई, १४ जानेवारी १७६१. सूत्रानें अनुक्रमें मंगळवार, बुधवार, गुरुवार व बुधवार असे वार दिले. पानपतचा बुधवार मराठी पत्रांशीं जुळतो. पहिल्या ओळीपुढें मात्र शेरा आहे: ‘जेधे शकावलींत शुक्रवार, शकावलीचा वार चुकला.’

हा शेरा वाचून आम्हांस क्षणभर हंसूं आलें, व मागाहून वाईट वाटलें. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तींतील शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेस पुढें शिवभारताचा दुजोरा मिळाला, आणि तोंपर्यंत प्रचलित असलेली शके १५४९ ची वैशाखी तिथि मागें पडली. किती वर्षें या एका तिथीवर वाद झाला, किती कागद उलथेपालथे झाले, आणि महाराष्ट्र सरकारनें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य करण्यास २००१ साल उजाडलें, हें वाचक जाणतात. त्या वादांत शकावलीच्या बाजूनें जें बळ होतें त्यांत तिथि, वार व नक्षत्र यांचा परस्पर मेळ हें एक होतें. तोच शुक्रवार एका रकान्यांतल्या सूत्राच्या शब्दावर ‘चुकला’ म्हणावा काय?

शुक्रवार चुकलेला नाहीं. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख इंग्रजी जुन्या पद्धतीची आहे. आपल्या इतिहासलेखकांनीं १७५२ पर्यंतच्या तारखा बहुधा याच पद्धतीनें दिल्या, कारण कंपनीच्या वखारींचे कागद याच पद्धतीनें लिहिलेले, आणि कोष्टकेंही त्याच पद्धतीचीं. कॅल्क तक्ता मात्र १५ ऑक्टोबर १५८२ पासून पुढील प्रत्येक तारीख नव्या पद्धतीची समजतो. आपण कोणत्या पद्धतीची लिहिली हें तो विचारीत नाहीं. जुनी १९ फेब्रुवारी म्हणजे नवी १ मार्च १६३०. ही तारीख त्याच सूत्रांत घालून पाहावी, शुक्रवार येतो. राज्याभिषेकाची जुनी ६ जून म्हणजे नवी १६ जून, वार शनिवार. बाजीरावसाहेबांच्या मृत्यूची जुनी २८ एप्रिल म्हणजे नवी ९ मे, वार सोमवार. पानपत १७५२ च्या पुढचें, म्हणून तें आरंभापासूनच जुळलें.

यांतून एक कसोटी निघते, ती संग्राहकांस उपयोगी पडेल. सतराव्या शतकांत दोन पद्धतींमधील अंतर दहा दिवसांचें. १७०० सालची २९ फेब्रुवारी जुन्या पद्धतींत होती, नव्या पद्धतींत नव्हती, म्हणून तेथून १७५२ पर्यंत अकरा दिवसांचें. दहास सातांनीं भागल्यास बाकी तीन, अकरास भागल्यास चार. म्हणजे जुन्या पद्धतीची तारीख नवी समजून सूत्रांत घातली तर सूत्राचा वार सतराव्या शतकांत खऱ्या वाराच्या तीन घरें मागें पडतो, आणि १७०० ते १७५२ मध्यें चार घरें मागें. शुक्रवाराचा मंगळवार होतो तो असा; सोमवाराचा गुरुवार होतो तो असा. प्रस्तुत यादी या दृष्टीनें आम्हीं ओळीनें तपासली. १७०० पूर्वींच्या ज्या कागदांपुढें ‘शंकास्पद’ आहे त्यांतील बहुतेकांत अंतर नेमकें तिनाचें, व पुढील अर्ध्या शतकांतल्या बहुतेकांत नेमकें चारांचें. खोटे कागद करणारे निरनिराळ्या गांवचे, निरनिराळ्या काळचे लोक असे एकमतानें तीन व चार दिवसच चुकले असतील, हें संभवत नाहीं. चूक कागदांची नसून आपल्या रकान्याची आहे.

या दोन पद्धतींचा झगडा कोंकणांत तर एकाच घटनेपुरता समोरासमोर दिसतो. वसईच्या १७३९ च्या तहाची तारीख इंग्रजी जुन्या पद्धतीनें ५ मे, पोर्तुगीजांच्या पद्धतीनें १६ मे. ज्यास हें ठाऊक नाहीं तो अकरा दिवसांच्या फरकानें दोन तह मानील. वार विचारला कीं दोन्हींचा शनिवार, आणि वाद मिटला. आमच्याकडे धरणगांवास इंग्रजांची वखार होती. तेथील व सुरतेच्या पत्रांचे उतारे ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. इंग्रजांचें वर्ष तेव्हां २५ मार्चला बदले. म्हणून जानेवारी, फेब्रुवारी व मार्चचे पहिले चोवीस दिवस यांवर त्यांच्या कागदांत मागचें वर्ष असतें. आपली १६३० ची फेब्रुवारी त्यांच्या लेखीं १६२९ चीच.

आतां जेथें अंतर एकाच दिवसाचें आहे अशा ओळींकडे वळूं. येथें विषय अधिक नाजूक आहे, व सूत्र येथें कांहींच मदत करीत नाहीं, कारण दिवस केव्हां बदलतो हाच प्रश्न आहे. इंग्रजी दिवस मध्यरात्रीं बदलतो. आपला वार सूर्योदयास बदलतो. मुसलमानी दिवस सूर्यास्तास सुरू होतो. राज्याभिषेकाचें उदाहरण याहून बोलकें मिळणार नाहीं. जेधे शकावलींत ज्येष्ठ शुद्ध द्वादशी शुक्रवार असून तीन घटका रात्र उरली असतां महाराज सिंहासनीं बसले असें आहे. ६ जून तर शनिवार. जो केवळ रकाने जुळवितो त्यास येथें एक दिवसाची चूक दिसेल. पण तीन घटका म्हणजे सुमारें बहात्तर मिनिटें रात्र उरली होती. इंग्रजी मोजणीनें शनिवार उजाडण्यापूर्वींच लागला होता, आपल्या मोजणीनें शुक्रवार अद्याप सरला नव्हता. दोन्ही बरोबर आहेत. ज्या कागदांत ‘पहांटे’, ‘प्रहर रात्र उरली’, ‘चार घटका रात्र’ अशीं वेळेचीं पदें आहेत, त्यांत एका दिवसाचें अंतर दिसलें तर तें अंतर कागदाच्या खरेपणाचेंच चिन्ह समजावें. मागाहून कोष्टक पाहून कागद रचणाऱ्यास हा बारकावा सहसा सुचत नाहीं.

बऱ्हाणपूरच्या सुभ्यांतून आलेल्या फारसी कागदांत व आपल्याकडील ‘छ’ घातलेल्या मुसलमानी तारखांत तर हें अंतर नेहमींचेंच. गुरुवारची रात्र त्यांच्या लेखीं जुम्याची रात्र. शिवाय छ हा चंद्रदर्शनावर. कोष्टक हा हिशेबावर. ढगाळ आकाशामुळें एका गांवीं चंद्र एक दिवस उशिरां दिसला तर तेथला सबंध महिना कोष्टकाच्या एक दिवस मागें चालतो. अशा वेळीं वार लिहिलेला असेल तर त्यावरून छ सुधारावा. छावरून वार सुधारूं नये. जातां जातां एक गोष्ट. कांहीं मित्र आम्हांस विचारतात कीं, कोष्टकें उज्जनीच्या सूर्योदयाचीं, आपण भडगांवचे, तर फरक किती पडतो. भडगांव सुमारें सव्वापंचाहत्तर अंशांवर, उज्जनी सुमारें पावणेशहात्तर अंशांवर; अर्ध्या अंशाचे दोन मिनिटें, म्हणजे पांच पळें. रेखांशाच्या या फरकाची खानदेशच्या कागदांपुरती चिंता करूं नये.

तिसऱ्या प्रकारचें अंतर वह्यांत व तीर्थोपाध्यायांच्या नोंदींत येतें. आपला महिना अमावास्येस संपतो, मारवाडी मंडळींचा पौर्णिमेस. शुद्ध पक्षाचें नांव दोघांचें एकच. वद्य पक्षास मात्र आपण फाल्गुन म्हणतों तेव्हां ते चैत्र म्हणतात. हें न जाणतां तारीख काढली कीं ती एका चांद्र महिन्यानें, म्हणजे एकोणतीस वा तीस दिवसांनीं चुकते, आणि वार एका किंवा दोन घरांनीं ढळतो. तेव्हां व्यापारी कागद, वद्य पक्ष, आणि एक-दोन दिवसांचें अंतर, अशी त्रयी दिसली कीं महिना बदलून पुन्हा पाहावें. संपूर्ण वर्षाची चूक असेल तर चांद्र वर्षाचे दिवस ३५४ किंवा ३५५, म्हणून वार चार किंवा पांच घरें सरतो. हें चाराचें अंतर वर सांगितलेल्या अठराव्या शतकांतील चारासारखेंच दिसतें. यासाठीं आधीं पद्धतीची दुरुस्ती करावी, मग वर्षाकडे वळावें.

वार नसला म्हणजे काय होतें याचें उदाहरण आपल्या शेजारींच आहे. चाळीसगांवनजीकच्या पाटण येथील शिलालेख, जो भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं विद्वानांपुढें आणिला, त्यांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठास, भास्करांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ, निकुंभ सोइदेवानें दिलेलें दान नोंदविलें आहे. काल शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. शकाच्या आंकड्यांत बारा मिळवून साठांनीं भागावें आणि उरल्या बाकीनें संवत्सर ओळखावा, ही रीत आपणां सर्वांस पाठ आहे. ११२८ ला बाकी शून्य, म्हणजे क्षय. प्रभव येतो तो ११२९ ला. म्हणून अभ्यासकांनीं संवत्सर व ग्रहण यांस प्रमाण मानून ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख धरिली आहे. तो दिवस गुरुवार. गंमत अशी कीं, ही तारीख १५८२ च्या मागची असल्यामुळें कॅल्क तक्ता तेथें आपोआप जुनी पद्धति लावितो व गुरुवार बिनचूक सांगतो. सव्वाचारशें वर्षांनीं जवळच्या शिवजन्माच्या तारखेस तो चुकला, आणि यादवकालच्या तारखेस चुकला नाहीं! पण लेखांत वारच कोरलेला नाहीं; तेव्हां या अचूकपणाशीं ताडून पाहण्यास समोर कांहीं नाहीं. खोदणाऱ्यानें आणखी एक शब्द कोरला असता तर मागील वर्षाची पौर्णिमा कीं पुढील, हा प्रश्न कोणास पडलाच नसता. ज्योतिष्यांच्या घराण्याच्या लेखांत वार नसावा आणि खेड्यांतल्या कुळकर्ण्याच्या पावतींत तो असावा, हें आपल्या दप्तरांचें मोठेपण आहे. तो वार आपण शेऱ्यानें खोडणार असूं तर मग बोलणेंच खुंटलें.

मग सूत्र टाकून द्यावें काय? मुळींच नाहीं. त्याचा उपयोग हिशेबनीस म्हणून करावा. एक्सेल वापरणाऱ्यांस १९०० ची अडचण ओलांडण्याचा एक सोपा उपाय आहे. नव्या पद्धतींत चारशें वर्षांचे दिवस १,४६,०९७ होतात, आणि या संख्येस सातांनीं पूर्ण भाग जातो. म्हणून चारशें वर्षांनीं तीच तारीख त्याच वारीं येते. १ मार्च १६३० बद्दल १ मार्च २०३० लिहावें, शुक्रवार मिळतो. १४ जानेवारी १७६१ बद्दल १४ जानेवारी २१६१ लिहावें, बुधवार मिळतो. जुन्या पद्धतीचा फेरा अठ्ठावीस वर्षांचा असल्यामुळें हातानें हिशेब करणारास तीच अधिक सोयीची. परंतु तक्त्यास ती समजत नाहीं, यासाठीं आधीं दहा किंवा अकरा दिवस मिळवून तारीख नवी करावी आणि मगच सूत्रास द्यावी. यादींत कागदावरील मिति जशी आहे तशी अक्षरांत, ‘भृगुवासर’ असेल तर भृगुवासर, ‘इंदुवासर’ असेल तर इंदुवासर, वेगळ्या रकान्यांत ठेवावी व तिला सूत्राचा स्पर्श होऊं देऊं नये. काढलेल्या तारखेपुढें जुनी कीं नवी हें लिहावें. सूत्राचा वार शेवटीं असावा, आणि त्यापुढें ‘चुकीचा’ असें न लिहितां अंतराचा आंकडा लिहावा: तीन, चार, एक, दोन. आंकडा कारण सुचवितो. ‘चुकीचा’ हा शब्द कारण बुजवितो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. वार जुळला म्हणून कागद खरा, हा नियम पूर्वींही पूर्ण नव्हता, आतां तर राहिलाच नाहीं. जेव्हां कोष्टकें दुर्मिळ होतीं तेव्हां खोटा कागद करणारा वारावर अडखळे. आज त्याच्याही हातीं हेंच सूत्र आहे. शके सोळाशेंच्या एखाद्या कागदावरील वार नव्या पद्धतीशीं, म्हणजे चुकीच्या तक्त्याशीं, तंतोतंत जुळलेला दिसला, तर आम्ही त्या कागदाकडे अधिकच निरखून पाहूं.

हें सर्व आम्ही संग्राहक महाशयांस शिकविण्याच्या आविर्भावानें लिहीत नाहीं. कित्येक वर्षांपूर्वीं एका ओळखीच्या घरचा, सतराव्या शतकाच्या अखेरचा एक महजर आमच्याकडे पाहण्यास आला होता. तक्ता नव्हता; हातानें मांडलेल्या कोष्टकांत आम्हींच नव्या पद्धतीचा रकाना पाहिला आणि वार तीन दिवसांनीं चुकतो म्हणून ‘भरंवसा नाहीं’ असा अभिप्राय दिला. घरच्यांनीं तो कागद मग जपला नाहीं. चूक उमगल्यावर आम्हीं चौकशी केली तेव्हां तो इतर जुन्या वह्यांबरोबर रद्दींत गेला होता. त्यावरील साक्षींचीं नांवें आम्हीं उतरूनही घेतलीं नव्हतीं. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापतांना राजवाड्यांनीं फाटके, तुटके, मायनाही नसलेले कागद का घेतले, हें त्या दिवशीं आम्हांस जितकें समजलें तितकें त्यांच्या प्रस्तावना वाचून समजलें नव्हतें.

यादी आम्हीं दुरुस्त्यांसह परत पाठविली आहे. तिनाचे व चारांचे सर्व शेरे काढावे, एकाच्या शेऱ्यांत वेळेचें पद पाहावें, वह्यांच्या मित्या संवत् धरून पुन्हा काढाव्या, असें कळविलें आहे. एक कागद मात्र यांपैकीं कोणत्याच खणांत बसत नाहीं. तो देशमुखी वतनाचा, १७५२ च्या पुढचा, मिति वद्य पक्षाची, आणि अंतर दोन दिवसांचें. पौर्णिमान्त महिना मानावा तर लिहिणारा मारवाडी नाहीं. वेळेचें पद नाहीं. छ दिला आहे तो तिथीशीं जुळतो, वाराशीं जुळत नाहीं. त्याच्या शिक्क्याचा ठसा यादींत ‘पुसट’ असा नोंदविला आहे. तो कागद उजेडांत धरून शिक्का वाचल्यावांचून त्याविषयीं आम्ही कांहीं लिहीत नाहीं. पावसाळा सरल्यावर भडगांवास जाऊन तो पाहण्याचें ठरलें आहे.